कार्ड तेच, पुढचं वेगळं : कमीत कमी अवस्थांच्या यंत्राची गोष्ट

गेल्या व्याख्यानात आपण लायब्निट्झच्या एका तत्त्वापाशी थांबलो होतो. दोन वस्तूंमध्ये कसलाही फरक दाखवता येत नसेल, तर त्या दोन नाहीतच, ती एकच वस्तू आहे, असं ते तत्त्व. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, की सर, हे सगळं ठीक आहे, पण याचा उपयोग काय? तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न जन्मभर ऐकावा लागतो. आम्हीही ऐकला, आणि बहुतेक वेळा हसून सोडून दिला. या वेळी सोडायचा नाही असं ठरवलं, कारण या तत्त्वाचा उपयोग आपल्या सोलापुरात, अशोक चौकाच्या पलीकडे, रोज होत आला आहे. तिथे त्याला लायब्निट्झचं नाव नव्हतं एवढंच.

तर आजचा विषय म्हणजे कमीत कमी अवस्थांचं यंत्र. संगणकशास्त्राची मुलं याला ‘फायनाइट ऑटोमॅटन’ म्हणतात. आम्ही मर्यादित अवस्थांचं यंत्र म्हणू. यात घाबरण्यासारखं काही नाही. जिन्यातला दिवा घ्या. वरच्या मजल्यावर एक बटण, खालच्या मजल्यावर एक. कोणतंही दाबा, पेटलेला असेल तर विझतो, विझलेला असेल तर पेटतो. या दिव्याला आजवर तो किती वेळा पेटला, कोणी पेटवला, काल रात्री काय झालं, यातलं काहीही आठवावं लागत नाही. आत्ता तो पेटलेला आहे की विझलेला, एवढं पुरतं. दोन अवस्था. सगळा भूतकाळ दोन खणांत मावला.

अवस्था म्हणजे भूतकाळाचा तेवढाच भाग, जेवढा पुढे लागणार आहे. ही व्याख्या आम्ही आमच्या शब्दांत सांगतो आहोत, पण गणितज्ञांची व्याख्या याहून फार वेगळी नाही.

आता मागाकडे येऊ. सोलापूरची पहिली कापडगिरणी, जिला आपण जुनी मिल म्हणतो, ती मोरारजी गोकुळदासांनी काढली आणि 1877 च्या सुमारास ती सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं पूर्व भागात स्थिरावली, घराघरांत हातमाग आले, मग यंत्रमाग आले. चादर आणि टॉवेल ही गावाची ओळख झाली. या शतकात दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळालं. हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. आम्हाला आज टॉवेलच्या मागावरचे तीन ठोके सांगायचे आहेत.

टॉवेलवर जे फुगीर फासे असतात ते कसे येतात? मागावर उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक ताणलेला, एक सैल सोडलेला. आडवा धागा टाकला की फणी तो पुढे ठोकते. साध्या कापडात प्रत्येक धागा थेट विणलेल्या कापडाला भिडवतात. टॉवेलमध्ये तसं करत नाहीत. पहिला धागा टाकला की फणी थोडी अलीकडेच थांबते. दुसरा टाकला, फणी पुन्हा अलीकडेच थांबते. तिसरा टाकला, की फणी पूर्ण पुढे जाते आणि तिन्ही धाग्यांना एकदम ढकलत कापडाला भिडवते. ताणलेले उभे धागे जागच्या जागी राहतात, आडवे धागे त्यांच्यावरून घसरतात. सैल उभे धागे मात्र सोबत ओढले जातात आणि त्यांना बाक येतो. तोच फासा. चार-पाच धाग्यांच्याही पद्धती आहेत, पण तीन धाग्यांची रीत नेहमीची.

म्हणजे माग काय करतो? अलीकडे, अलीकडे, पुढे. अलीकडे, अलीकडे, पुढे. दिवसभर.

या यंत्राला किती अवस्था लागतात? चटकन वाटतं, क्रिया दोनच आहेत, ‘अलीकडे थांब’ आणि ‘पुढे जा’. मग दोन अवस्था पुरतील. पहिला आणि दुसरा ठोका तर हुबेहूब सारखे आहेत. पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. लायब्निट्झने सांगितलंय, फरक दिसत नसेल तर एकच समजा. करून बघा. पहिला आणि दुसरा एकच समजला, की यंत्राला कळेनासं होतं : आत्ता आपण अलीकडे थांबलो खरे, पण आता पुन्हा थांबायचं की ठोकायचं? दोन्ही ठोके आज सारखे आहेत, पण त्यांचा उद्या वेगळा आहे. पहिल्याच्या मागून आणखी एक ‘अलीकडे’ येणार आहे, दुसऱ्याच्या मागून ‘पुढे’. तेव्हा अवस्था तीन. दोनमध्ये हा टॉवेल होत नाही.

हे आम्हाला पुस्तकातून कळलं नाही. 1970 च्या दशकात आम्ही नुकतेच प्राध्यापक झालो होतो आणि पूर्व भागात एका खोलीत भाड्याने राहत होतो. शेजारी एक गृहस्थ जॅकार्डची कार्डं पाडायचं काम करत. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ते आम्हाला मास्तर म्हणायचे. ज्यांनी जॅकार्ड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो : चौकटीच्या कागदावर नक्षी काढलेली असते, मोर असेल, फूल असेल. कागदावरची एक आडवी ओळ म्हणजे कापडातला एक आडवा धागा, आणि त्याच्यासाठी पुठ्ठ्याचं एक कार्ड. जिथे उभा धागा उचलायचा तिथे कार्डाला भोक, जिथे नाही तिथे पुठ्ठा कोरा. अशी शेकडो कार्डं दोऱ्यांनी ओवून त्यांची माळ करतात, ती मागाच्या डोक्यावर चढते आणि एकेक कार्ड पुढे सरकत राहतं. शेवटचं संपलं की पुन्हा पहिलं.

एका संध्याकाळी अण्णा ओटीवर कार्डं लावत बसले होते. आम्ही दोन कार्डं उचलून एकावर एक ठेवली, उजेडाकडे धरली. भोकाला भोक जुळलं. तेव्हा आमच्या अंगात नवी पदवी होती. आम्ही म्हटलं, “अण्णा, ही दोन्ही एकच आहेत. दोन कशाला पाडली? एक काढून टाका.” अण्णा हसले. म्हणाले, “मास्तर, कार्ड तेच आहे हो. पुढचं वेगळं आहे ना.”

आम्ही तेव्हा उत्तर ऐकलं आणि विसरलो. काही वर्षांनी एडवर्ड मूर या अमेरिकन गणितज्ञाचा 1956 चा लेख हातात आला आणि वाचता वाचता ते वाक्य आठवलं. मूर बेल प्रयोगशाळेत होते. त्यांच्या लेखाच्या नावातच ‘विचारप्रयोग’ हा जर्मन शब्द आहे. कल्पना अशी, की तुमच्यासमोर एक बंद पेटी आहे. आत काय आहे ते उघडून बघायचं नाही. बटणं दाबायची, दिवे बघायचे. पेटीच्या दोन अवस्था केव्हा एकच म्हणायच्या? तुम्ही कोणतीही बटणं कोणत्याही क्रमाने दाबली आणि दोन्हींतून दिसणारं उत्तर शेवटपर्यंत सारखंच राहिलं, तर. नुसतं आत्ताचं उत्तर सारखं असून भागत नाही.

आणि मग लहानात लहान यंत्र शोधायची रीत आपोआप हाती येते. टॉवेलच्या मागावरच करून बघू. आधी अवस्थांचे गट करा, जे आज सारखं करतात ते एका गटात : पहिला-दुसरा एका गटात, तिसरा एकटा. आता प्रत्येक गटात विचारा, की तुम्ही पुढे कोणत्या गटात जाता? पहिला म्हणतो, मी पहिल्याच गटात राहतो. दुसरा म्हणतो, मी दुसऱ्या गटात जातो. उत्तरं वेगळी आली, गट फोडा. असं फोडत जायचं. ज्या फेरीत काहीच फुटत नाही तिथे थांबायचं. उरलेले गट म्हणजेच अवस्था. त्याहून कमी करता येत नाहीत, जास्तीची गरज नाही. पुढे 1971 मध्ये जॉन हॉपक्रॉफ्ट यांनी हेच काम फार वेगाने करण्याची युक्ती काढली, पण मूळ विचार हाच राहिला. बघा, आपण घरी जमाखर्च आवरताना सारखं दिसणारं एकत्र करत जातो; इथे उलटं आहे. सगळं एकच आहे असं धरून सुरुवात करायची आणि पुरावा मिळेल तेवढंच वेगळं करायचं.

या लोकांना अवस्था कमी का हव्या होत्या? कारण पैसे. तो काळ टेलिफोन केंद्रांचा आणि रिलेंचा. यंत्राची अवस्था रिलेंच्या चालू-बंद स्थितीत साठवायची. एक रिले दोन अवस्था धरतो, दोन रिले चार, तीन रिले आठ. डेव्हिड हफमन यांनी 1954 मध्ये आणि जॉर्ज मीली यांनी 1955 मध्ये याच गरजेपोटी अवस्था कमी करण्याच्या रीती मांडल्या. यातली गंमत अशी, की पाच अवस्थांच्या चार केल्या तर एक रिले वाचतो, पण आठच्या पाच केल्या तर काहीच वाचत नाही. तीन रिले ते तीनच. गणिताच्या दृष्टीने मोठं काम, खर्चाच्या दृष्टीने शून्य. हा मुद्दा लक्षात राहू द्या, आपल्याला तो परत लागणार आहे.

त्यानंतर दोन नावं येतात, जॉन मायहिल आणि अनिल नेरोड. 1957-58 च्या सुमारास दोघांनी ही गोष्ट यंत्राला बाजूला ठेवून सांगितली. मायहिल यांची डॉक्टरेट हार्वर्डची, मार्गदर्शक क्वाइन, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. नेरोड अमेरिकेत जन्मले, वडील भारतातून तिकडे गेलेले. अनिल हे नाव त्यामुळे. या दोघांचं म्हणणं असं, की यंत्र अजून बांधलेलं नसलं तरी चालेल. फक्त एवढं सांगा, की कोणते शब्द स्वीकारायचे आणि कोणते नाही. शब्दाचा सुरुवातीचा तुकडा घ्या. असे दोन तुकडे समतुल्य केव्हा? त्यांच्या पुढे कोणतीही शेपटी जोडली, तरी दोन्ही एकदम स्वीकारले जातील किंवा दोन्ही एकदम नाकारले जातील तेव्हा. असे जेवढे वर्ग पडतील, तेवढ्या अवस्था. कोणीही कितीही हुशार असला तरी त्याहून लहान यंत्र त्याला बांधता येणार नाही, आणि तेवढ्याच अवस्थांचं यंत्र एकच, नावं बदलली तर बदलली. कारागिरीचा प्रश्न होता तो सिद्धान्त झाला.

उदाहरण आपल्या घरातलं घेऊ. पतंजलीने महाभाष्यात कूप, सूप, यूप असे तीन शब्द ठेवले आहेत. एकेका वर्णाला अर्थ असतो का, या चर्चेत ते येतात. आपण ते यंत्राला ओळखायला देऊ. अक्षर एकेक वाचायचं : कू, प. सू, प. यू, प. भाबडेपणाने यंत्र केलं तर सुरुवातीची एक अवस्था, पहिल्या अक्षरानंतरच्या तीन, शेवटच्या तीन, अशा सात. आता कू, सू आणि यू यांच्या पुढे काय येऊ शकतं ते बघा. तिघांच्याही पुढे फक्त प. म्हणजे पुढचं सारखं आहे, तिघांची अवस्था एकच. शेवटच्या तीनही एकच. सातच्या तीन झाल्या. चुकीचं अक्षर आलं तर जाऊन पडायला एक खड्डा हवा, तो धरून चार. इथे विसरून जाणं हीच शहाणपणाची गोष्ट आहे : कू होता की सू होता, हे यंत्राने विसरलं तरी त्याचं काही बिघडत नाही.

आता दुसरी जोडी घ्या, नदी आणि दीन. अक्षरं तीच, क्रम उलटा. यंत्राने न वाचला आणि दी वाचला, या दोन अवस्था एक करता येतील का? नाही. न नंतर दी चालतो, दी नंतर दी चालत नाही. पुढचं वेगळं आहे. सुरुवात, न नंतरची, दी नंतरची, शेवट आणि खड्डा, अशा पाच अवस्था, त्यातली एकही सोडता येत नाही.

नदी-दीन ही जोडी आम्ही मनाने घेतलेली नाही. शब्दातून अर्थ कसा कळतो या जुन्या वादात अशा जोड्या येतात. सर आणि रस ही दुसरी. वाद असा होता. शब्दातले ध्वनी एकामागून एक उच्चारले जातात आणि उच्चारल्याबरोबर नाहीसे होतात. शेवटचा ध्वनी येईपर्यंत पहिला उरलेलाच नसतो. मग संपूर्ण शब्द ऐकला असं कधी होतच नाही. अर्थ कळतो कसा? मीमांसेच्या बाजूने शबरस्वामींचं उत्तर असं, की आधीचे ध्वनी जाताना आपला संस्कार ठेवून जातात, आणि त्या संस्कारांसह आलेला शेवटचा ध्वनी अर्थ देतो. स्फोटवादी वैयाकरणांना हे पटलं नाही. त्यांची एक अडचण हीच : संस्कारांचा नुसता ढीग असेल तर नदी आणि दीन यांत फरक कसा राहणार? संस्कार तर तेच ते.

आमची पीएच.डी. तत्त्वज्ञानाची, त्यामुळे हा वाद आम्ही अनेकदा शिकवला. पण खरं सांगायचं तर संस्कार आणि अवस्था हे दोन शब्द आम्ही शेजारी ठेवले ते बऱ्याच उशिरा. मीमांसकांना मायहिल-नेरोड ठाऊक होते असा दावा आम्ही मुळीच करत नाही. ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ या रोगाची लागण आम्हाला झालेली नाही, होऊ नये अशी इच्छा आहे. त्यांचा प्रश्न मनाविषयी होता, यांचा रिलेविषयी. पण अडचणीचा आकार एकच आहे, हे मान्य करावं लागतं. भूतकाळ निघून गेला आहे, त्याचा जो अंश उरायला हवा तो किती आणि कसा? ढीग पुरत नाही, क्रम लागतो. आणि क्रमसुद्धा सगळा लागत नाही, जेवढ्याने पुढे फरक पडतो तेवढाच.

थोडं छंदांकडे. सोलापूर हे शाहीर राम जोशींचं गाव. संस्कृत शिकलेला हा माणूस लावणीच्या फडावर उभा राहिला, तेव्हा वृत्तांविषयी इथे दोन शब्द बोललेच पाहिजेत. शाळेत आपण गण पाठ केले आहेत. लघु-गुरूंचे तिघातिघांचे गट, एकूण आठ : य, म, त, र, ज, भ, न, स. ते लक्षात ठेवायला ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र. य-मा-ता म्हटलं की य गण, लघु गुरु गुरु. एक अक्षर पुढे सरका, मा-ता-रा, म गण, तिन्ही गुरु. पुन्हा सरका, ता-रा-ज. असं करत स-ल-गा पर्यंत. आठही गण एकेकदा येतात, कोणताही दोनदा येत नाही, आणि अक्षरं अवघी दहा. आठ गणांसाठी दहापेक्षा कमी अक्षरांत हे होणार नाही : पहिल्या गणाला तीन अक्षरं आणि पुढच्या सातांना प्रत्येकी एक. गणितात अशा चक्रांना निकोलास द ब्रुइन या डच गणितज्ञाचं नाव आहे, त्यांचा लेख 1946 चा. आपल्याकडे हे सूत्र कोणी आणि केव्हा बांधलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, म्हणून आम्ही कोणाच्या नावावर लिहीत नाही.

आता एक यंत्र मागू या. ते लघु-गुरूंची ओळ ऐकेल आणि ओळ कधीही थांबवली तरी सांगेल, की शेवटून तिसरं अक्षर गुरु होतं की नाही. ओळ केव्हा थांबेल ते यंत्राला माहीत नाही. त्यामुळे त्याला सतत शेवटची तीन अक्षरं ध्यानात ठेवावी लागतात. तीन अक्षरांच्या शक्यता किती? आठ. यंत्राच्या अवस्था म्हणजे आपले आठ गण. काही ऐकलेलंच नसताना तिन्ही लघु धरायचे, म्हणजे न गणापासून सुरुवात. आठातले कोणतेही दोन एक करता येत नाहीत, कारण दोन गण कुठल्यातरी जागी वेगळे असतात, आणि एक-दोन अक्षरं पुढे जोडली की ती जागा बरोबर शेवटून तिसरी होते.

पण यंत्राला अंदाज करायची मुभा दिली तर? मायकेल रॅबिन आणि डेना स्कॉट यांनी 1959 मध्ये अशा यंत्रांचा विचार मांडला. एखाद्या गुरुपाशी यंत्राने म्हणायचं, ‘हाच शेवटून तिसरा असावा’, आणि पुढे दोनच अक्षरं येतात का ते मोजायचं. अनेक अंदाजांपैकी एक जरी खरा ठरला तरी उत्तर ‘हो’. अशा यंत्राला चार अवस्था पुरतात. शेवटून तिसऱ्याऐवजी दहावं विचारलं तर अंदाज करणाऱ्याला अकरा, आणि अंदाज न करणाऱ्याला 1024. एवढी बचत होते म्हटल्यावर सगळीकडे अंदाजाचीच यंत्रं वापरावीत असं वाटेल. पण अशा यंत्रांपैकी लहानात लहान शोधणं फार अवघड आहे. ताओ जियांग आणि बी. रविकुमार यांनी 1993 मध्ये ते किती अवघड आहे हे सिद्ध केलं. गट फोडत जाण्याची ती साधी रीत तिथे चालत नाही.

असो. पुन्हा अण्णांच्या ओटीवर जाऊ, कारण त्यांची गोष्ट अजून अर्धीच झाली आहे.

त्या काळी कार्डं पाडायची मजुरी शेकड्यावर होती. जेवढी कार्डं तेवढे पैसे. एकदा एका कारखानदाराची नक्षी आली. फूल असं होतं, की मधल्या ओळीपर्यंत जे काही होतं तेच पुढे उलट्या क्रमाने. वर-खाली आरशातल्यासारखं. अण्णांनी कागद पाहिला आणि सांगितलं, की सगळी कार्डं पाडायची गरज नाही. निम्मीच पाडा, माळ शेवटापर्यंत न्या आणि तिथून उलटी फिरवा. शंभर कार्डं असतील तर जाताना शंभर ओळी. येताना दोन्ही टोकांची कार्डं पुन्हा घ्यायची नाहीत, म्हणून अठ्ठ्याण्णव. 198 ओळींची नक्षी शंभर कार्डांत. मालक खूश झाला. अण्णांना शंभर कार्डांची मजुरी मिळाली. अठ्ठ्याण्णवची त्यांनी स्वतःच्या अकलेने घालवली होती. आम्ही विचारलं, “अण्णा, मग सांगितलंत कशाला?” ते म्हणाले, “दिसलं ना मास्तर. दिसल्यावर कसं पाडायचं?”

ही युक्ती नवी नाही. जॅकार्ड यांचं यंत्र फ्रान्समधल्या लियॉंचं, 1804 च्या सुमाराचं. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या संकल्पित गणनयंत्रासाठी कार्डं तिथूनच उचलली. त्यांच्याकडे जॅकार्ड यांचं रेशमात विणलेलं चित्र होतं, ज्याला सुमारे 24,000 कार्डं लागली होती. एडा लव्हलेस यांनी 1843 मध्ये बॅबेजच्या यंत्रावर टिपा लिहिल्या. त्यातल्या एका टिपेत त्या म्हणतात, की विणकामात कार्डं जशी वापरतात तेवढ्याने आपलं भागत नाही, माळ मागे फिरवता आली पाहिजे, म्हणजे तीच कार्डं पुन्हा वापरता येतील. आणि पुढे अशी सूचनाही करतात, की ही सोय उलट मागालाच दिली तर सममित नक्षी थोड्या कार्डांत विणता येईल. लंडनमधल्या बाईंनी गणिताकडून मागाकडे जाऊन जे सुचवलं, ते अण्णा मागाकडूनच पाहत होते.

आता मघाचा मुद्दा. अण्णांनी कार्डं निम्मी केली. अवस्था निम्म्या झाल्या का? सिद्धान्त म्हणतो, शक्यच नाही. नक्षी 198 ओळींनी पुन्हा फिरते, तेव्हा यंत्राला 198 अवस्था लागणारच. चाळिसावं कार्ड समोर आहे. पुढे एकेचाळिसावं की एकोणचाळिसावं? कार्ड तेच, पुढचं वेगळं. म्हणजे कार्डाशिवाय आणखी एक गोष्ट कुठेतरी लक्षात ठेवावी लागते, माळ जाते आहे की येते आहे. पुठ्ठा वाचला, पण ती जाण कुठे ठेवायची? काही मागांवर त्यासाठी खटका असतो. टॉवेलच्या काही डॉबींवरही अशी सोय असते : अंगासाठी एक साखळी, काठासाठी दुसरी, आणि किती विणून झालं की एकीवरून दुसरीवर जायचं ते मोजणारं वेगळं चाक. अवस्था कमी होत नाहीत, त्यांची विभागणी होते. हार्टमानिस आणि स्टर्न्स यांनी 1966 मध्ये मोठं यंत्र लहान यंत्रांच्या जोडण्यांत कसं फोडायचं यावर पुस्तकच लिहिलं आहे.

पण त्या कारखानदाराच्या मागावर खटका नव्हता. माळ उलटी फिरवायचं काम मागवाल्याने हाताने करायचं. म्हणजे ती उरलेली अवस्था त्याच्या डोक्यात गेली. त्याने लक्ष ठेवायचं, त्या खडखडाटात, आठ तास, आणि एका वेळी दोन माग. टोकाला पोचून माळ उलटवायची राहिली, की माग पुन्हा पहिल्या कार्डावर जातो आणि फूल मधोमध तुटतं. तशी एक चादर निघाली. चादरीचे पैसे मागवाल्याच्या पगारातून कापले गेले. तो मागवाला अण्णांच्याच गल्लीतला. तो भांडायला आला नाही, पण दोन घरांचं येणंजाणं बरेच दिवस बंद होतं, आणि अण्णा त्याबद्दल आमच्याशी एकदाच बोलले. “मी पुठ्ठा वाचवला,” म्हणाले, “मोजायचं काम त्याच्या माथी गेलं, ते मला दिसलं नाही.”

पुस्तकात ‘कमीत कमी’ असं लिहिलेलं असतं तेव्हा आम्ही हल्ली विचारतो, कमीत कमी काय? अवस्था, रिले, पुठ्ठा, मजुरी? मूर आणि नेरोड यांनी अवस्था मोजल्या, आणि त्यांची गणना चोख आहे. हफमन यांना रिले मोजायचे होते, आणि आठच्या पाच करून त्यांचं काही वाचत नव्हतं. मालकाने कार्डं मोजली. मागवाल्याच्या डोक्यातली अवस्था कोणत्याही हिशेबात नव्हती, पण यंत्रात ती होती. 198 मधून ती वजा करता येत नाही.

आता मागांवर संगणकी जॅकार्ड आले आहेत. पुठ्ठा नाही, दोरा नाही. नक्षी फाइलमध्ये असते, आणि जाणं-येणं फाइलच बघते. अण्णा ते पाहायला राहिले नाहीत. त्यांच्या हातची सोळा कार्डं आमच्याकडे आहेत, घर सोडताना त्यांनी दिलेली. ओवलेला दोरा मधल्या काळात कुजून गेला, कडेला लिहिलेले आकडे पुसट झाले. काल या व्याख्यानासाठी म्हणून ती टेबलावर मांडली. नक्षी कोणती, ते काही लावता आलं नाही. त्यातली दोन कार्डं अगदी सारखी आहेत, ती समोर ठेवली आहेत, ज्यांना बघायची त्यांनी नंतर येऊन बघावीत. उजेडाकडे धरा, भोकाला भोक जुळतं. आता प्रश्न घेऊ.